खात्री आणि खरेपणा : आठवणींच्या अभ्यासाविषयी

(फोंडा तालुक्यातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मानसशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

सन्माननीय अध्यक्ष, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि येथे जमलेल्या सर्व वडीलधाऱ्या मंडळींना माझा नमस्कार. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षात मानसशास्त्र शिकते. आजवर या व्यासपीठावर अनुभवाने मोठी माणसे बोलली आणि आम्ही समोर बसून ऐकले. आज मला बोलायला सांगितलेत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. मी स्मृती हा विषय निवडला, कारण अभ्यासक्रमातल्या बाकीच्या प्रकरणांनी माझ्या माहितीत भर घातली, पण या प्रकरणामुळे माझ्याच घरातल्या माणसांचे बोलणे मी वेगळ्या कानांनी ऐकू लागले.

स्मृतीचा प्रायोगिक अभ्यास सुरू केला तो हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने. अर्थ नसलेल्या अक्षरसमूहांच्या याद्या तो स्वतःच पाठ करी आणि काही काळाने त्यांतले किती टिकले ते तपासून पाही. पाठ केलेले सुरुवातीच्या काही तासांत झपाट्याने विसरले जाते आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, हा त्याचा निष्कर्ष 1885 साली प्रसिद्ध झाला. आमच्या प्रयोगशाळेत मेमरी ड्रमवर, म्हणजे यादीतले एकेक अक्षरसमूह ठरावीक वेळ दाखवणाऱ्या यंत्रावर, आम्हीही तसल्याच याद्या पाठ करतो आणि जर्नलमध्ये आलेख काढतो. पण माणूस आयुष्यात अर्थहीन अक्षरे लक्षात ठेवत नाही. तो माणसे, प्रसंग, अपमान आणि उपकार लक्षात ठेवतो. ही बाजू हाती घेतली ती केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी. त्यांनी आपल्या इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने ती पुन्हा लिहायला सांगितली. 1932 साली त्यांनी मांडलेले निष्कर्ष वाचताना मी थबकले. वाचकांनी कथा लहान केली होती. सील या सागरी प्राण्याच्या शिकारीची साधी मासेमारी झाली होती, आणि भुताखेतांचा न समजणारा भाग एकतर गळला होता किंवा त्याला पटेल असे कारण जोडले गेले होते. यांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. पेडण्याकडच्या दशावतारी नाटकात कथानक ठरलेले असते, पण संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतो. आपण काही आठवतो तेव्हा मनही जवळजवळ हेच करते, असे बार्टलेट यांच्या लेखनावरून मला वाटते.

आता घरची गोष्ट सांगते. माझ्या आजीचे माहेर बोरीचे, जुवारी नदीच्या काठाजवळचे. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले तेव्हा पोर्तुगीज सैनिकांनी माघार घेताना जे पूल उडवले, त्यांत बोरीचा पूलही होता. आजी तेव्हा शाळकरी मुलगी होती आणि तिचा भाऊ, ज्यांना आम्ही मामाआजोबा म्हणतो, तिच्याहून थोडे लहान. दर चवथीला ते आमच्याकडे गणपतीच्या दर्शनाला येतात आणि माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, बसून पुलाची गोष्ट निघते. गोष्ट अशी, की वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी भाताच्या, शेताच्या बांधावर बांधलेले वासरू सोडून आणायला आईने मुलाला धाडले आणि त्याच वेळी स्फोट झाला. वासरू दावे तोडून पळाले आणि मूल चिखलात पालथे पडले. अडचण एवढीच, की ते मूल आपणच होतो असे आजी सांगते आणि ते मूल आपणच होतो असे मामाआजोबाही सांगतात. चिखलाचा थंडपणा दोघांनाही आठवतो, उजव्या कोपराला खरचटल्याचे दोघेही सांगतात. आम्ही मुले हसत असू, आणि आजी खरोखर दुखावली जाई.

वर्गात मला या भांडणाचे स्पष्टीकरण मिळाले. एकाच आठवणीवर दोन भावंडांनी हक्क सांगणे हा संशोधकांनी नोंदलेला प्रकार आहे. 2001 साली जुळ्या भावंडांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अशा कितीतरी वादग्रस्त आठवणी सापडल्या. प्रसंग एकावर गुदरलेला असतो, दुसऱ्याने तो जवळून पाहिलेला किंवा पुन्हा पुन्हा ऐकलेला असतो, आणि वर्षानुवर्षांच्या सांगण्यात ही आठवण आपल्याकडे कुठून आली याची खूण पुसली जाते. चित्र मात्र स्वच्छ राहते.

आपण म्हणाल, वासराची गोष्ट क्षुल्लक आहे, पण पूल उडाला तो क्षण मनावर कोरलाच गेला असेल. अनेक वर्षे मानसशास्त्रज्ञांनाही तसेच वाटत होते. केनेडींच्या हत्येची बातमी कळली तेव्हा आपण कुठे होतो, हे अमेरिकन माणसे इतक्या बारकाव्यांनिशी सांगत, की रॉजर ब्राऊन आणि जेम्स कुलिक यांनी 1977 मध्ये अशा आठवणींना फ्लॅशबल्ब स्मृती हे नाव दिले. मग 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर या अमेरिकन अंतराळयानाचा स्फोट झाला. उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्याच दिवशी आपल्या विद्यार्थ्यांकडून बातमी कशी कळली ते लिहून घेतले आणि सुमारे अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या काहींना पुन्हा तेच विचारले. अनेकांची उत्तरे पहिल्या उत्तरांशी जुळली नाहीत, पण खात्री भक्कम होती. त्यांचेच जुने कागद समोर ठेवले तेव्हा त्यांनी अक्षर आपले असल्याचे मान्य केले, आणि तरीही आताची आठवण सोडायला ते तयार झाले नाहीत. हे वाचल्यापासून कोणी छातीठोकपणे सांगितले म्हणून ते घडलेच असेल असे मी मानत नाही, आणि चुकीचे सांगितले म्हणून तो माणूस खोटारडा आहे असेही मानत नाही. मुंडकाराच्या, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्याच्या, घराचा किंवा जमिनीच्या हद्दीचा वाद ज्या गावांत वृद्धांच्या तोंडी साक्षीवर येऊन थांबतो, तिथे हा फरक ध्यानात ठेवणे फार गरजेचे आहे.

प्रश्न विचारणाऱ्याची जबाबदारीही मोठी असते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 साली विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. गाड्या एकमेकींवर 'आदळून चक्काचूर झाल्या' तेव्हा वेग किती होता, असे 50 जणांना विचारले, तर दुसऱ्या 50 जणांना त्या फक्त 'धडकल्या' असे म्हणून विचारले. आठवड्याने काचा फुटलेल्या पाहिल्या का, या प्रश्नाला पहिल्या गटातल्या 16 जणांनी होय म्हटले आणि दुसऱ्या गटातल्या 7 जणांनी. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. आमच्या घरी एका चवथीला आतेभावाने आजीला विचारले, "विमाने किती होती गं?" त्याआधी तिच्या गोष्टीत विमाने नव्हती, पुढच्या वर्षी ती आली. 18 डिसेंबरला भारतीय विमानांनी दाबोळीच्या विमानतळावर बॉम्ब टाकले हा इतिहास आहे, त्यामुळे तिने विमाने पाहिलीही असतील. पण तिची विमाने नजरेची की नातवाच्या प्रश्नाची, हे आता कोणालाच ठरवता येणार नाही.

म्हणून यंदा मी दोघांना वेगवेगळे गाठले. साक्षीदारांशी कसे बोलावे याची एक पद्धत रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइझेलमन यांनी 1980 च्या दशकात तयार केली. माणसाला त्या जागेचे, हवेचे, आवाजांचे वातावरण मनात उभे करू द्यायचे, मध्ये तोडायचे नाही, त्याच्या तोंडी काही घालायचे नाही. मी आजीला म्हटले, "तुझ्या माहेरच्या खळ्यात तू उभी आहेस, तिथून पुढचे सांग." ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग वासराऐवजी वडिलांबद्दल बोलू लागली. वडील त्या दिवशी नदीपलीकडे मडगावला गेले होते, पूल गेल्यावर ते कसे परततील या काळजीने आई चुलीपाशी नुसती बसून होती आणि पेजेचे मडके उतरवायचेही तिला सुचले नव्हते. मामाआजोबांना त्यांच्या घरी जाऊन विचारले तेव्हा त्यांनीही, मी आजीचे काही न सांगता, वडिलांचे मडगावला जाणे आणि करपलेली पेज सांगितली. चवथीच्या गोष्टीत हे दोन्ही कधीच आले नव्हते. माटोळीखाली सगळ्यांनी मिळून रंगवलेल्या गोष्टीपेक्षा ही दोन एकटी बोलणी मला कितीतरी मोलाची वाटतात, कारण ती एकमेकांना न ऐकता जुळली. वासरू कोणी सोडले ते मी ठरवलेले नाही. दोन्ही वृत्तान्त तारखेसह वहीत शेजारी शेजारी लिहिले आहेत.

1961 मध्ये जी मुले दहा-बारा वर्षांची होती, ती आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. आपल्या वाचनालयाने त्यांच्यासाठी एक नोंदवही सुरू करावी, अशी माझी विनंती आहे. प्रत्येकाशी एकेकटे बोलावे, घरच्यांनी त्या वेळी शेजारी बसून दुरुस्त्या सुचवू नयेत, विचारलेला प्रश्नही उत्तरासोबत लिहून ठेवावा, आणि दोन माणसांचे म्हणणे जुळले नाही तर एकाचे खोडू नये. ही पद्धत ज्यांना शिकायची असेल त्यांना शिकवायला मी दर रविवारी सकाळी येथे यायला तयार आहे. पहिली नावे आजच सभा संपल्यावर ग्रंथपालांकडे द्यावीत.