गाल फुगवता येतो का?

श्रोतेहो, नमस्कार.

कर्करोगाची तपासणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठं यंत्र येतं, अंधारी खोली येते आणि पाठोपाठ बिलाचा आकडा. आज मी जिच्याबद्दल बोलणार आहे त्या तपासणीला लागते एक बॅटरी, जीभ दाबायला एक लाकडी पट्टी आणि बघणाऱ्याचे स्वच्छ हात. मी दातांची डॉक्टर. सांगली जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत नोकरी केली. दाढ ठणकायला लागली की माणूस रात्री बारालाही दार वाजवतो. तोंडाचा कर्करोग मात्र सुरुवातीला दुखत नाही. पुन्हा सांगते, सुरुवातीला दुखत नाही. म्हणून माणूस दाखवत नाही, आणि दुखायला लागतं तोवर बरेचदा मानेत गाठ आलेली असते.

तेव्हा बघायचं काय? गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पांढरा चट्टा, जो पुसून जात नाही. लाल चट्टा असेल तर जास्त काळजीचा. तोंड आलं म्हणून आपण औषध लावतो, लोणी लावतो, आठ दिवसांत बरं होतं. दोन आठवडे उलटले तरी जी जखम भरत नाही, ती दाखवायची. आणि आपलीच तीन बोटं, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांच्या मध्ये जातात का, ते पाहायचं. दोन आठवडे आणि तीन बोटं, एवढं ध्यानात ठेवा. यात मी आणखी एक गोष्ट घालते, गाल फुगवणं. ती मला कुठल्या प्राध्यापकांनी दाखवली नाही. ती दाखवली दाढी-कटिंग करणाऱ्या एका नानांनी.

तासगाव तालुक्यातलं एक गाव. नाव सांगत नाही, कारण गोष्टीतला पैलवान अजून तिथंच आहे आणि आता त्याला नातवंडं आहेत. तिथं तोंडाच्या तपासणीचं शिबिर ठरलं ते ऐन ऑक्टोबरात. द्राक्षाची छाटणी सुरू, काड्यांना पेस्ट लावायची घाई, मजुराला हातापाया पडून आणलेलं. शिबिराला कोण येणार? तारीख ठरवणाऱ्यानं बाग पाहिली नसावी, एवढंच म्हणते. त्यात उद्घाटन. पाहुणे आले साडेअकराला. मग नारळ, शाल, फेटा, मनोगतं, आभार. माझं फार जुनं मत आहे की आरोग्य शिबिरात शाल-श्रीफळाला बंदी घालावी. तोंडाच्या आत बघायला सकाळचा उजेड चांगला, आणि तोच नेमका भाषणांत जातो. असो. सत्कार उरकले तेव्हा हॉलमध्ये तपासणीला उरल्या होत्या चार म्हाताऱ्या, आणि चौघीही मशेरी लावून आलेल्या. चूळ भरून या म्हटलं तर दोघी घरी गेल्या त्या गेल्याच.

दुपारी मी चहाला बाहेर पडले. स्टँडजवळ कडुलिंबाखाली नानांचं पत्र्याचं दुकान होतं. एक खुर्ची, पारा उडालेला आरसा, खिळ्याला अडकवलेली उधारीची वही. नाना एका पोराची दाढी करत होते. मला बघून म्हणाले, "डॉक्टरीणबाई, त्वांड बगायला आलाय न्हवं? आमीबी रोज त्येच बगतोय, पर भायेरनं."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण नानांनी वस्तरा थांबवला आणि पोराला म्हणाले, "गाल फुगीव." त्यानं फुगवला. "ह्यो बगा. ह्यो फुगतोय, वस्तरा सरळ जातोय. पर गावात पाच-सा गडी असं हायती, त्येंला गाल फुगीव म्हणलं की नुसतं व्हट हालत्यात. अंगठ्यानं वडून धरावं तर वाळल्या चामड्यागत लागतंय. समदी मावा खाणारी."

माझा चहा तसाच राहिला. कारण नाना जे सांगत होते ते आमच्या पुस्तकातलं होतं. सुपारीमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू जमत जातात, गाल ताठ होतो, लवचीकपणा जातो. हळूहळू तोंड उघडणं कमी होतं, शीळ वाजत नाही, तिखट झोंबतं. यातल्या काहींना पुढे त्याच गालात कर्करोग होतो. आणि मावा म्हणजे मुळात सुपारीच, तिच्यात तंबाखू आणि चुना चोळलेला. "मी तंबाखू नाही हो, नुसती सुपारी खातो" असं म्हणणारे खूप भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २००४च्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक म्हटलेलं आहे. तंबाखू नसली तरी. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण मावा टपरीवर चोळून मिळतो आणि त्याला पुडीवरचा इशाराही नसतो.

मी नानांना नावं विचारली. नाना वस्तऱ्याला धार लावत म्हणाले, "नावं न्हाई सांगायचो. खुर्चीवरची गोष्ट खुर्चीवर ऱ्हाती, बाई. पर तुमी मंगळवारी दवाखान्यात असता न्हवं? बगतो काय करायचं ते." मी त्यांना तीन बोटांचं माप दाखवलं, दोन आठवड्यांचं सांगितलं आणि निघाले. खरं सांगायचं तर मी फारशी आशा धरली नव्हती.

मंगळवारी ओपीडीला रांग होती. रांगेत एक सहा फुटी गडी, कुस्तीनं मोडलेले कान, आणि तोंडाला टॉवेल गुंडाळलेला. उन्हाचा म्हणावा तर तो आत येऊनही सोडेना. शेवटी त्याच्या मंडळींनीच तो ओढला आणि सगळी रांग हसायला लागली. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर चार दिवसांची दाढी आणि तिच्यावर वाळून पापुद्रे आलेला साबण. पैलवान नुसता फणफणत होता. "त्या नानानं अर्धी दाढी केली आन् वस्तरा पुसून पेटीत ठिवला. म्हणतोय, ऱ्हायलेली डॉक्टरीणबाईची चिठ्ठी आणल्यावर. लई शिव्या घातल्या, ऐकंना. आता ह्या तोंडानं मी बाजाराला कसा जाऊ?"

मी म्हटलं, आलाच आहात तर आ करा. तीन बोटं घाला म्हटलं. दोन गेली, तीही कशीबशी. पैलवानाचं बोटच जाड, असं तो म्हणाला. तर मंडळी मागून म्हणाल्या, "गेल्या दिवाळीपासनं खर्डा खाईत न्हाईत. भाकरी दुधात कुस्करून घेत्यात. मला वाटलं, पैलवानकीचा खुराक आसंल." श्रोतेहो, सांगली जिल्ह्यातला माणूस खर्डा सोडतो ही घरातल्यांनी हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे.

बॅटरी लावली. उजवा गाल आतून फिकट आणि ताठ. डावा गाल पट्टीनं बाजूला केला, तर मागं दाढांच्या शेजारी पांढरा चट्टा, आणि त्या पांढऱ्यात एक लाल, खरखरीत ठिपका. हातमोज्याच्या बोटानं दाबलं तर खाली कडक. "दुखतंय का?" "न्हाई. कुटं काय?" त्यानं मलाच विचारलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की दाढी राहिली होती ती याच बाजूची.

पुढे नाना भेटल्यावर मी विचारलं. म्हणाले, "उजवा गाल जरा तरी वडला जातोय. डाव्याला आत गाठीगत लागलं. म्हणलं, हितं वस्तरा घालायचा न्हाई. हितं आदी तुमची बॅटरी जाऊ द्या."

पैलवानाला मिरजेला पाठवलं. तुकडा काढून तपासला, कर्करोगच निघाला. पण दोन सेंटिमीटरच्या आतला, आणि मानेतल्या गाठी स्वच्छ. ऑपरेशन झालं. लाईट, म्हणजे किरणांचे उपचार, घ्यावे लागले नाहीत, केमो लागली नाही. तोंड उघडायचे व्यायाम त्यानं जोर-बैठका माराव्यात तसे केले. हाच माणूस वर्षभरानं आला असता, तर जबडा आणि मान दोन्हीवर मोठं ऑपरेशन लागलं असतं, आणि तरी मला तुम्हाला ही गोष्ट हसत सांगता आली असती की नाही, कोण जाणे.

नानांच्या वहीत पैलवानाच्या नावापुढं कितीतरी दिवस निम्म्या दाढीचे पैसे लिहिलेले होते. राहिलेली निम्मी मिरजेत ऑपरेशनच्या आधी झाली, म्हणून ती धरायची नाही असा त्यांचा हिशोब. उरलेले गडीही मग मंगळवारी येत राहिले. एकदोघे अर्ध्या दाढीचे, बाकीचे अर्ध्या दाढीच्या भीतीनं. कर्करोग कुणाला निघाला नाही, गाल मात्र सगळ्यांचे ताठ. मावा बहुतेकांनी सोडला. दोघांनी पुन्हा धरला, आणि त्यांची नावंही नानांनी सांगितली नाहीत. आता त्या जागी सलून झालंय. मोठा आरसा, टीव्ही, ट्रिमर. ट्रिमरला गाल फुगवावा लागत नाही, आणि गिऱ्हाईक मोबाईलमधून मान वर काढत नाही. मला हे सलून आवडत नाही, पण ते माझ्यापुरतं.

आता हे एका गावापुरतं नाही, हेही सांगायला हवं. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेवकांनी घरोघर जाऊन ३५ वर्षांवरच्या लोकांची तोंडं पाहिली. ते डॉक्टर नव्हते. २००५ साली निकाल छापून आला. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाले. ज्यांना सवय नव्हती त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे तपासणी कुणी चुकवू नये? मावा, गुटखा, तंबाखू, विडी आणि मशेरीवाल्यांनी. मशेरीवाल्या आज्यांनी सुद्धा. दात घासायची आहे म्हणून ती तंबाखू नाही, असं होत नाही.

बायकांसाठी आणखी दोन तपासण्या. गर्भाशयाच्या मुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावतात, म्हणजे चायनीजच्या गाडीवर असतं ते व्हिनेगरच समजा. मिनिटभर थांबायचं. बिघडलेली जागा पांढरी दिसते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयानं दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून हे काम करून घेतलं, आणि या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आपल्याच राज्यातल्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो त्याची तपासणी आयुष्यात एकदाच केली, तरी मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तो निकाल २००९चा. या रोगाला विषाणू लागल्यापासून मुरायला बरेचदा दहा-दहा वर्षं लागतात, त्यामुळे कर्करोग होण्याआधीच ती जागा जाळून टाकता येते, बेशुद्ध न करता. स्तनांची तपासणी नर्स हातानं करते. त्यात शंका आली तर मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे. इथंही गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही. दुखत नाही तेव्हाच दाखवायचं.

आणि ते 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज! धडधाकट माणसाच्या रक्तात कर्करोगाचे 'मार्कर' शोधायचे, आकडा जरा वर दिसला की घाबरवायचं, मग स्कॅन, मग आणखी एक स्कॅन. त्यात गालाच्या आत मात्र कुणी बघत नाही. वाढदिवसाला वडिलांना असलं पॅकेज भेट देणाऱ्या पोरांनी त्याआधी वडिलांना आ करायला सांगावं.

तिशी ओलांडली की तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्ही तपासण्या दर पाच वर्षांनी करायच्या, असं सरकारी कार्यक्रमात ठरलेलं आहे. आपल्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, त्यासाठी पैसे पडत नाहीत. कुठल्या दिवशी जायचं ते आशाताईंना विचारा, फॉर्म त्याच भरून घेतात. ज्यांना सवय आहे त्यांनी पाच वर्षं वाट बघू नये, मध्ये दाताच्या डॉक्टरकडे गेलात की तोंडही दाखवून घ्यावं. गर्भाशयमुखाच्या तपासणीला पाळीच्या दिवसांत जाऊ नका. तोंडाच्या तपासणीला जाताना मशेरी लावू नका, चूळ भरून जा. कवळी असेल तर काढायची तयारी ठेवा, तिच्या खालीही बघावं लागतं.

नमस्कार.