दोन इंच वर: जिप्सीचा बॉडी लिफ्ट

(दृश्य: चेसिसची खालून दिसणारी पूर्ण लांबी. कॅमेरा पुढून मागे सरकतो.)

जिप्सी मुळात दोन तुकड्यांची गाडी आहे. खाली शिडीच्या आकाराची लोखंडी चेसिस. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), अ‍ॅक्सल (दोन चाकं जोडणारा आडवा दांडा) सगळं तिला. वर पत्र्याची बॉडी. दोन्हींच्या मध्ये रबरी बुश आणि त्यांतून आरपार जाणारे बोल्ट. आजच्या बहुतेक मोटारींत बॉडी आणि चेसिस वेगळी नसतेच, त्यामुळे तिथे हा विषय संपतो. जिप्सीत मात्र बोल्ट काढले की बॉडी उचलता येते आणि मधे काहीतरी सरकवता येतं. त्या ‘काहीतरी’ला नायलॉनचा गुटका म्हणायचं आणि या कामाला बॉडी लिफ्ट.

(दृश्य: नागपूर, कामठी रोड, ऑटोमोटिव्ह चौकाजवळचं एक गॅरेज.)

मारुतीने जिप्सी आणली १९८५मध्ये. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडल्याला सफारी केलेल्या प्रत्येक नागपूरकराने तिच्यात बसून पाठ शेकून घेतलेली आहे. पण समोरची ही जिप्सी किंग सफारीची नाही. सफारीच्या गाडीचे रस्ते आखलेले असतात आणि तिच्यात आजी-आजोबांनाही चढायचं असतं. तिला उंच करून उपयोग काय? ही खासगी गाडी आहे. मालकाचं शेत उमरेड रोडला आत आहे आणि पावसाळ्यात तिथली पांदण म्हणजे काळ्या मातीचा चिखल. त्यांना मोठे टायर हवेत. मूळचा टायर २०५/७० आर १५, नवा २३५/७५ आर १५. रिमही थोडे रुंद घेतलेत. टायर बसतो, पण स्टिअरिंग पूर्ण फिरवलं किंवा पाटा दबला, की मडगार्डला घासतो.

कामाला हात लावण्याआधी मिस्त्री मालकाला एक गोष्ट बजावतात.

“भाऊ, आपण बॉडी उचलून राहिलो, गाडी नाही. खालचा गोळा जिथं आहे तिथंच राहीन.”

गोळा म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधोमध असलेलं डिफरन्शियल. बंडीच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा आधी त्यालाच लागतो. बॉडी दोन इंच चढवा की चार, गोळ्याखालची जागा एका मिलीमीटरने वाढत नाही. ती वाढते टायरने. नव्या टायरचा व्यास जुन्यापेक्षा साधारण ६५ मिलीमीटर जास्त. त्याचा निम्मा, म्हणजे जेमतेम ३३ मिलीमीटर, अ‍ॅक्सलच्या वाट्याला येतो. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. गाडी खरंच उंच करायची तर पाट्यांना हात घालावा लागतो. जिप्सीत अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर बसतो. तो पाट्यांखाली घेतला की गाडी चार-पाच इंच उठते, पण मग शाफ्ट, स्टिअरिंगचे दांडे, ब्रेकच्या नळ्या सगळंच नव्याने जुळवावं लागतं. ते काम वेगळं आणि त्याचा खर्चही वेगळा.

(दृश्य: लेथवर फिरणारा पांढरा नायलॉनचा रॉड.)

गुटके हिंगणा एमआयडीसीतून आलेत. नायलॉनचा जाड रॉड, मधे बोल्टचं छिद्र, उंची दोन इंच. लाकडाचे तुकडे किंवा पाइपचे कापलेले तुकडे घालणारेही असतात. त्यांच्या गाडीत मी बसणार नाही. जुने बोल्ट आता आखूड पडतात, म्हणून लांब बोल्ट आणलेत. मिस्त्री प्रत्येकाचं डोकं उजेडात धरून त्यावरचा ८.८ हा आकडा बघतात. ती बोल्टाच्या ताकदीची खूण. डोकं कोरं असेल तर बोल्ट बाजूला.

खरी झुंज जुन्या बोल्टांशी असते. वीस-पंचवीस वर्षांचा गंज. आदल्या रात्रीच त्यांच्यावर तेल सोडून ठेवलं होतं. तरी एक नट बॉडीच्या आत गरगर फिरायला लागतो, आणि तो पकडायला कार्पेट उचलून फ्लोअर उघडावा लागतो. अर्धी सकाळ त्यातच गेली.

बॅटरीची वायर काढलेली आहे. एका बाजूचे बोल्ट पूर्ण काढायचे, दुसऱ्या बाजूचे फक्त सैल करायचे, म्हणजे बॉडी चेसिसवरून घसरत नाही. जॅक आणि पत्रा यांच्या मधे जाड फळी, नाहीतर जॅक पत्र्यातून वर येईल.

“पोट्ट्या, हळू बे! अन् बोटं बाहेर ठेव.”

गुटके सरकवायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो त्यानंतर. बॉडी वर गेली, चेसिस खालीच राहिली; आता दोन्हींना जोडणारी प्रत्येक वस्तू दोन इंच ताणली गेली आहे. पेट्रोलची टाकी चेसिसला, तिचं तोंड बॉडीला: मधला होस तपासा. गिअरबॉक्स खाली, लिव्हरचं भोक वर: गिअर टाकताना लिव्हर पत्र्याला अडतो का ते प्रत्येक गिअरमध्ये बघा, फोर-लोचा (चारही चाकांना हळू पण जोरात फिरवणाऱ्या गिअरचा) छोटा लिव्हरही विसरू नका. क्लचची केबल, ब्रेकचे रबरी पाइप, अर्थिंगची पट्टी.

दोन ठिकाणी मिस्त्री सगळ्यात जास्त रेंगाळतात. पहिलं स्टिअरिंग. चाक बॉडीत, स्टिअरिंग बॉक्स चेसिसवर, आणि मधला शाफ्ट आता पूर्वीपेक्षा लांब हवा. तो जोडातून किती बाहेर आलाय, दातांची पकड किती उरली, हे ते टॉर्च लावून बघतात. इथे ‘चालून जाईल’ हा शब्द चालत नाही. याच कारणाने ते दोन इंचांच्या वर जायला तयार नाहीत, मालकाने कितीही आग्रह केला तरी.

दुसरं रेडिएटर. तो बॉडीबरोबर वर गेला, पंखा इंजिनाबरोबर खालीच राहिला. पंखा आता जाळीच्या खालच्या भागातूनच हवा ओढणार. डिसेंबरात हे कळणारही नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, वर्धा रोडच्या जाममध्ये एसी नसलेली गाडी उभी राहिली, की काटा लाल रेषेकडे सरकतो. म्हणून रेडिएटरचे ब्रॅकेट नवे बनवून तो पुन्हा खाली घेतला आहे.

(दृश्य: आरटीओबाहेरची वर्दळ.)

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणीचा तपशील जुळणार नाही, असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी नव्याने करताना ती तपासणीला उभी करावी लागते. तेव्हा विमा कंपनी आणि आरटीओला आधी विचारा, पाना नंतर हातात घ्या. रीलवर हे कुणी सांगत नाही.

(दृश्य: पांदण. पहिल्या पावसानंतरची काळी माती.)

चाकांना माती चिकटते, टायर फुगत जातो. पूर्वी हीच माती मडगार्डच्या आत दाबून बसायची आणि चाक जड व्हायचं. आता ती गळून पडायला जागा आहे. पण इंजिनावरचा भार वाढला. टायर मोठा झाला की प्रत्येक गिअर उंच होतो, म्हणजे त्याची ओढ कमी पडते. चढावर तिसऱ्याऐवजी दुसरा टाकावा लागतो. स्पीडोमीटरचा काटा साठवर असतो तेव्हा गाडी सहासष्टच्या आसपास पळत असते. पुढून बघितलं तर बंपर आणि ग्रिलच्या मधे दोन इंचांची फट दिसते, कारण बंपर चेसिसला आहे. मालकाला ती आवडत नाही. मिस्त्री म्हणतात, पट्टी मारून देऊ.

काही आठवड्यांनी गाडी पुन्हा गॅरेजला आली. बुशचे रबर दबून बसतात, बोल्ट ढिले पडतात. मिस्त्री खाली झोपून एकेक बोल्ट कसत गेले. मागच्या डाव्या कोपऱ्यातला बोल्ट जवळजवळ अर्धा फेरा फिरला.