दुसऱ्या खुर्चीवरचा माणूस

मंडळी, विषय आहे कॉलेज बास्केटबॉलमधल्या सहायक प्रशिक्षकाचं करिअर. वेळ वीस मिनिटं, त्यातली पाच माझ्या परिचयात गेली. एवढी माझी कर्तबगारी मलाही माहीत नव्हती.

चॅपल हिलच्या आसपास राहणाऱ्यांना डीन स्मिथ कोण हे सांगायला नकोच: इथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक. शेजारच्या ड्यूक विद्यापीठाच्या, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या, चाहत्यांनी थोडा वेळ सहन करावं. 1978 साली रॉय विल्यम्स हायस्कूलमधली प्रशिक्षकाची चांगली नोकरी सोडून स्मिथ यांच्याकडे अर्धवेळ सहायक म्हणून आले. पगार 2,700 डॉलर. महिन्याला नाही हो काकू, वर्षाला! मग काय, उन्हाळ्यात गावोगाव फिरून संघाची कॅलेंडरं विकायची. शिवाय स्मिथ यांच्या टीव्ही कार्यक्रमाच्या टेप रविवारी गाडीत टाकून ग्रीन्सबरोला पोचवायच्या, तिथून थेट अ‍ॅशव्हिल, आणि परत. जाऊन-येऊन पाचेकशे मैल. अ‍ॅशव्हिलला शरदातली रंगीत पानं बघायला जाताना आपण दोनदा कॉफीला थांबतो आणि तरी कंबर धरते! पुढे तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवणारा माणूस तेव्हा कुरिअरचं काम करत होता.

आता माझं जुनं दुखणं. 1992 मध्ये एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेने, नियम लावला: प्रत्येक संघातल्या एका सहायकाला वर्षाला 16,000 डॉलरच्या वर द्यायचं नाही. खर्च कमी करायचा होता ना? मग मुख्य प्रशिक्षकांच्या पगाराला कोण हात लावणार! वर साळसूद कारण असं की, या जागा नवशिक्या मुलांसाठी. पण जागेवर नवशिकाच हवा, अशी अट नियमात कुठेही नव्हती. अनुभवी माणसंही त्याच पैशात राबली. प्रशिक्षक कोर्टात गेले, 1998 मध्ये अपील कोर्टातही जिंकले, आणि 1999 मध्ये एनसीएएने 5 कोटी 45 लाख डॉलरवर तडजोड केली. ज्यांनी मधल्या काळात धंदाच सोडला, त्यांची कारकीर्द मात्र कुठल्या चेकने परत येणार?

चिठ्ठी आलीये. पाच मिनिटं. बरं, मूळ मुद्दा.

चाल साधारण अशी: विद्यार्थी असताना टॉवेल-पाणी बघायचं, मग पदव्युत्तर शिक्षण घेत सहायकी, मग सामन्यांचे व्हिडिओ कापणं, मग खरी सहायकाची जागा. तिथे तुमची किंमत ठरते ती खेळाडू आणण्यावर. मुलाच्या आईशी, काकांशी, शाळेतल्या कोचशी वर्षानुवर्षं बोलत राहायचं. मुख्य पद याच कामावर मिळतं, आणि त्या पदाचं काम वेगळंच असतं: शेवटच्या दोन मिनिटांत टाइमआउट घ्यायचा की नाही, हे फोनवर गोड बोलून शिकता येत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ते शेजारी बसून शिकता येतं.

पुरावा बिल गथ्रिज. स्मिथ यांच्या शेजारी तीस वर्षं. 1978 मध्ये पेन स्टेट विद्यापीठाचं मुख्य पद हातात आलेलं, तेही सोडलं. 1997 मध्ये स्मिथ निवृत्त झाले तेव्हा गथ्रिज साठ वर्षांचे. पहिल्याच हंगामात 34 विजय, तीन वर्षांत दोनदा फायनल फोर (राष्ट्रीय स्पर्धेतले शेवटचे चार संघ), आणि गेले घरी. विल्यम्स दहा वर्षांत निघाले, 1988 मध्ये थेट कॅन्सस विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून, कॉलेजात मुख्य प्रशिक्षकपदाचा एक दिवसाचाही अनुभव नसताना. टॉमी लॉइड गोंझागा विद्यापीठाच्या बाकावर सहायक म्हणून वीस वर्षं बसून 2021 मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले. पहिल्या वर्षी 33 विजय.

ड्यूकवाले हात वर करतायत. हो, ड्यूकचे मुख्य प्रशिक्षक झालेले जॉन शायरसुद्धा त्यांच्या आधीच्या कोच के (माइक शिशेवस्की) यांचे सहायकच होते, 2022 पर्यंत. बाकीचं भांडण चहाबरोबर.