मागच्या दाराने आलेला पाहुणा

(अकोल्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत एका निवृत्त फार्मासिस्टबाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि मागच्या रांगेत गुडघे लांब करून बसलेले माझे सगळे जुने गिऱ्हाईकहो,

पत्रिकेत विषय छापलाय 'सांधेदुखी आणि औषधांचा सुरक्षित वापर'. मी दिलेला विषय होता 'खालून ठेवायची गोळी'. पण पत्रिका घरोघरी जाते, लेकीसुना वाचतात, म्हणून चिटणीसांनी त्याला सोवळं नेसवलं. हरकत नाही. बोलणार मात्र मी त्या गोळीवरच.

मेणाची गोळी. डायक्लोफेनॅक या दुखणं दाबणाऱ्या औषधाची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत ठेवायची. हसू नका. इथल्या निम्म्या लोकांच्या फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात, आलं-लिंबाशेजारी, सुनेच्या सिझेरियनच्या वेळच्या दोन-तीन उरलेल्या असतील. फेकवत नाहीत, कारण पैसे मोजलेत. कोणाला विचारवत नाही, कारण लाज वाटते. आणि एखाद्या रात्री गुडघा ठणकायला लागला की आजोबांना नेमकी तीच आठवते.

माझ्या दुकानात एक काका यायचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त आणि कानाने अधू. हा योग देवानेच जुळवला असणार. दोन्ही गुडघ्यांची झीज. एकदा गावाला गेले असताना तिथल्या डॉक्टरांनी त्यांना सपोझिटरी लिहून दिली, तिथल्याच दुकानातून त्यांनी ती घेतली आणि परत आल्यावर तक्रार घेऊन आले माझ्याकडे. संध्याकाळची ऐन गर्दीची वेळ. काउंटरवर पाकीट आपटून म्हणाले, "बाई, हे गोयी काही कामाची नाही. दुधात टाकली त नुसता तुपावानी तवंग येते."

मी म्हटलं, "काका, ती प्यायची नसते."

"काय?"

"तोंडाने घ्यायची नसते!"

"मंग?"

आता दुकानात कोण कोण होतं ते ऐका. शेजारच्या शाळेतल्या दोन शिक्षिका. एक कॉलेजचा मुलगा, जो गर्दी ओसरायची वाट बघत मघापासून खोकल्याच्या औषधांच्या जाहिराती वाचत होता. आणि थर्मामीटर घ्यायला आलेल्या, काकांच्या सख्ख्या विहीणबाई. मी आवाज खाली आणला, तर काका म्हणाले, "मोठ्यानं बोल." मी हाताने खूण केली, तर म्हणाले, "कंबर नाही वो, गुडघा!" शेवटी मी ओरडले. काय ओरडले ते इथे सांगत नाही. चौकातल्या पानवाल्याने काताचा हात तसाच ठेवून मान वळवली, एवढंच सांगते. दुकान गार. विहीणबाईंनी थर्मामीटर न घेताच काढता पाय घेतला. काका थोडा वेळ पाकिटाकडे बघत राहिले आणि मग अगदी शांतपणे म्हणाले, "पण दुखते त गुडघा."

तुम्ही हसताय, पण काकांनी विचारलं ते बरोबर होतं. दुखतो गुडघा, गोळी ठेवायची तिथे, मग ती पोचते कशी? या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं तर आजचं व्याख्यान इथेच संपवता येईल. पण मला पाऊण तास दिलाय, तो मी घेणार.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. काकांना डॉक्टर 'रात्री एक ठेवा' म्हणाले असतील, दुकानदाराने पाकिटावर '०-०-१' खरडलं असेल. दोघांचाही आपापल्या परीने धर्म पाळून झाला. वेष्टन काढायचं असतं हे सांगणारा कोणी नाही. प्लास्टिकच्या वेष्टनासकट गोळी आत सारलेली माणसं मी पाहिली आहेत. कडा किती धारदार असतात त्या! गुडघ्यावर चोळणारे पाहिले आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला थोडा आदर आहे, कारण निदान दुखणं कुठे आहे हे तरी त्यांच्या लक्षात होतं. इन्सुलिन कसं टोचायचं ते नर्स बसवून शिकवते, इनहेलर कसा ओढायचा याची चित्रं दवाखान्यात लावलेली असतात. या गोळीच्या वाट्याला मात्र सगळ्यांची खाली गेलेली मान.

आणि ही लाज आपली जुनी म्हणावी तर तसंही नाही. आपल्या आज्या बाळाला शी होत नसली की विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावायच्या, भर ओसरीवर, दहा बायकांदेखत. (आता करू नका. बाळाला डॉक्टरकडे न्या.) चरकसंहितेत फलवर्ती आहे, म्हणजे औषधांची वात करून गुदमार्गाने द्यायची. तेव्हा हा मार्ग काही इंग्रजांनी आणलेला नाही.

बरं, डॉक्टर ही गोळी देतात तरी कशाला? उलट्या होत असतील, गिळता येत नसेल, ऑपरेशनमुळे तोंडाने काही द्यायचं नसेल, तेव्हा तिचा मोठा आधार. आमवातात किंवा मणक्याच्या संधिवातात सकाळी अंग लाकडासारखं आखडतं, तासभर मूठ वळत नाही. त्यासाठी रात्री झोपताना अशी गोळी द्यायची पद्धत जुनी आहे. इंडोमेथासिन या जुन्या दुखण्यावरच्या औषधाच्या काळापासूनची, म्हणजे १९६० च्या दशकापासूनची. डायक्लोफेनॅक आलं १९७३ च्या सुमारास. तळाकडच्या शिरांमधून औषध लवकर रक्तात उतरतं. जी डायक्लोफेनॅकची गोळी आतड्यात जाऊनच विरघळावी म्हणून वरून लेप दिलेला असतो, तिच्याआधी हिचा गुण येतो. म्हणजे गोळी उपयोगाची आहे. माझं भांडण गोळीशी नाहीच.

भांडण आहे ते एका वाक्याशी. काउंटरवर ते मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा फलक करून लावावासा वाटे. 'ताई, पोटात गोळी घेतली की ॲसिडिटी होते, म्हणून मी खालची घेतो, तिचा त्रास नाही.'

पाहुणा मागच्या दाराने आला म्हणून कमी जेवत नाही.

ही औषधं पोटाला बाधतात ती काही नुसती पोटात जाऊन पडतात म्हणून नव्हे. १९७१ साली जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवलं की ॲस्पिरिन आणि त्याच्या जातीची औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ बनू देत नाहीत. त्यासाठी १९८२ चं नोबेल त्यांना दोघा स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर विभागून मिळालं. सांध्यात हे पदार्थ कमी झाले की सूज उतरते, ठणका थांबतो, आपण खूश. पण जठराचं अस्तर सांभाळणं आणि मूत्रपिंडाला रक्त पुरेसं मिळत ठेवणं, ही कामंही तेच करतात. औषध एकदा रक्तात गेलं की ते गुडघ्यात जातं, जठराच्या अस्तरात जातं, मूत्रपिंडात जातं. खालून ठेवल्याने वरवरची जळजळ थोडी कमी होईल. अल्सर आणि रक्तस्राव टळेलच असं नाही. मूत्रपिंड आणि हृदय यांना तर गोळी कुठल्या दाराने आली याच्याशी काही देणंघेणंच नाही.

इथे मला गिधाडांबद्दल बोलायचंय. अध्यक्ष घड्याळ बघतायत, पण गिधाडं राहून चालणार नाही.

तुमच्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की आभाळात गिधाडं गोल फिरायला लागायची. आठवतं ना? आता नातवाला दाखवायचं तर रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावसारख्या ठिकाणी न्यावं लागतं. १९९० च्या दशकात गिधाडं पटापट मरू लागली आणि कारण सापडेना. कोणी म्हणे साथ आहे, कोणी म्हणे कीटकनाशक. मुंबईच्या डुंगरवाडीवर पारशी लोक आपले मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात, त्यांची केवढी पंचाईत झाली! २००४ साली उलगडा झाला. गुराढोरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं दिली जात होती. इंजेक्शन दिल्यावर लवकर मेलेलं जनावर गिधाडाने खाल्लं की त्याचं मूत्रपिंड बंद पडायचं. मेलेल्या पक्ष्यांच्या काळजावर, यकृतावर युरिक ॲसिडचा पांढरा थर सापडायचा. पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरात एकसुद्धा धड उरली नाहीत. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. पुढे माणसांच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातायत असं दिसल्यावर २०१५ मध्ये कुपी तीन मिलीलिटरची केली.

माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं हळवं नाही, घाबरू नका. पण त्या बिचाऱ्याने ना गोळी गिळली होती, ना खालून ठेवली होती. औषध गाईला टोचलं होतं.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' म्हणजे ज्यासाठी मला बोलावलं ते आता दहा मिनिटांत. लिहून घेणाऱ्यांनी घ्या.

आधी, कोणी घ्यायची नाही ते. हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास, हृदयाची ताकद कमी, लकवा, पायाच्या शिरांत अडथळा, यांपैकी काही असेल तर डायक्लोफेनॅक नको; युरोपात २०१३ पासून तशी सक्त सूचना आहे. अल्सर किंवा रक्ताची उलटी होऊन गेली असेल, मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं असेल, ॲस्पिरिनसारख्या गोळीने दमा उसळत असेल, तर नको. गरोदर नातसुनेला स्वतःच्या फ्रिजमधली देऊ नका. आणि खास या मार्गासाठी म्हणून, रक्ती मूळव्याध, गुदद्वाराची सूज, शौचातून रक्त असेल तर आधी ते दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय हात लावू नये.

बीपीवाल्यांनो, तुम्ही कान द्या. तुमच्या गोळीच्या नावापुढे इंग्रजी 'एच' असेल, टेल्मिसार्टन आणि एच असं, तर तिच्यात लघवीवाटे पाणी काढणारं औषध आहे. टेल्मिसार्टनसारखं सार्टन जातीचं बीपीचं औषध, पाणी काढणारं औषध आणि वरून डायक्लोफेनॅक, हे तीन एकत्र आले की मूत्रपिंड अडचणीत येतं. त्यात आपला मे महिना, पंचेचाळीस अंश, आणि जुलाब लागलेले! अशा वेळी दुखऱ्या गुडघ्यासाठी डॉक्टरांना फोन करा, फ्रिज उघडू नका.

मात्रा. मोठ्या माणसाला दिवसाला डायक्लोफेनॅक सगळ्या वाटांनी मिळून दीडशे मिलिग्रॅमच्या वर नाही. मोठ्यांची खालची एक बहुधा शंभरची असते. म्हणजे त्या दिवशी उरली पन्नास. आणि तुम्ही दुपारी पाठीसाठी घेतलेली, शेजाऱ्यांनी दिलेली ती पांढरी गोळी? पाकीट वाचा. ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, सगळी याच कुळातली. एका वेळी कुळातलं एकच. पॅरासिटामॉल वेगळ्या कुळातलं, ते डॉक्टर बरोबर देऊ शकतात. लागेल तेवढीच मात्रा, लागतील तेवढेच दिवस. कायद्याने ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळायची नाही. मिळते, ते मला माहीत आहे.

आता कशी ठेवायची. आधी शौचाला जाऊन या. हात धुवा. गोळी मऊ पडली असेल तर वेष्टनासकट थोडा वेळ फ्रिजमध्ये किंवा गार पाण्यात ठेवा, कारण ती अंगाच्या उष्णतेला वितळावी म्हणूनच बनवलेली असते आणि आपल्या उन्हाळ्यात कपाटातच वितळते. वेष्टन काढा. वेष्टन काढा, दोनदा सांगतेय. पाण्याने ओली करा. तेल, तूप, व्हॅसलीन नको. डाव्या कुशीवर झोपा, उजवा गुडघा पोटाशी घ्या. दुखऱ्या गुडघ्याने जेवढा जमेल तेवढा. बोटाने इंचभर आत, म्हणजे आवळणाऱ्या स्नायूच्या पलीकडे. टोकदार बाजू आधी की बोथट, यावर १९९१ मध्ये 'लॅन्सेट'सारख्या वैद्यकीय नियतकालिकात लेख आलाय, बोथट बाजूने. पण पाकिटातल्या कागदावर असेल तसं करा, त्यावरून घरात वाद नको. दहा-पंधरा मिनिटं पडून राहा, तासभर शौचाला जाऊ नका. बाहेर आली तर आपल्या मनाने लगेच दुसरी ठेवायची नाही. अर्धी कापून उरलेली उद्यासाठी ठेवायची नाही.

डांबरासारखी काळी शी, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, छातीत दुखणं, धाप, पायांवर सूज, लघवी कमी, अंगावर पुरळ, यांतलं काहीही दिसलं की गोळी बंद आणि दवाखाना. रात्री दिसलं तर रात्रीच.

नुसती गुडघ्याची झीज असेल तर आधी लावायचं जेल बघा. ते रक्तात फार थोडं उतरतं. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम करा. आमवात असेल तर ही गोळी फक्त दुखणं दाबते, सांधा वाचवत नाही. त्याला मेथोट्रेक्सेटसारखं औषध लागतं, आणि ते चालू असताना ही गोळी आपल्या मनाने मिसळायची नसते.

चहा आलाय, अध्यक्ष उठलेच. प्रश्न चहासोबत विचारा. मेथोट्रेक्सेट घेणारे आणि 'एच'वाले आधी या, आणि येताना गोळ्यांची पाकिटं घेऊन या. 'ती लाल रंगाची' म्हणून सांगू नका.