गाळातली साक्ष

नमस्कार श्रोतेहो.

फुलांच्या दिवसांत शिंका सुरू झाल्या की आपण परागकणांना बोल लावतो. पण बहुतेक पराग ना फुलाला लागतो ना नाकाला. वाऱ्यावर भरकटत तळ्यात, दलदलीत पडतो आणि गाळात गाडला जातो. कण मिलिमीटरच्या काही शतांशांएवढा, पण कवच भलतंच चिवट. हवा पोचत नाही अशा चिखलात ते हजारो वर्षं टिकतं. प्रयोगशाळेत गाळातली वाळू हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळते, कवच मात्र शाबूत!

१९१६ साली स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी थराथरातले कण मोजून जंगलांचे आलेख मांडले. मोजणीत फसगतही होते बरं का. चीड पराग वाऱ्यावर उधळतो. कीटकांच्या भरवशावर फुलणारी झाडं हात राखून देतात. म्हणून निम्मे कण चिडाचे म्हणजे निम्मं जंगल चिडाचं, असं नव्हे.

१९४१ मध्ये डेन्मार्कच्या योहानेस इव्हर्सन यांना अशा आलेखात माणूस दिसला. मोठ्या वृक्षांचा पराग एकाएकी घटतो, गवताचा वाढतो, धान्याचे ठसठशीत कण येतात आणि सोबत येतं प्लांटेन, आपल्या इसबगोलाचं भाऊबंद, गुरं चरतात तिथे माजणारं तण. पुढे भूर्ज, हेझल ही झाडं आणि पुन्हा जुनं रान. जंगल तोडून शेती केली आणि सोडून दिली, असा अर्थ त्यांनी लावला. पण दगडी कुऱ्हाडीनं जंगल तुटतं? १९५० च्या दशकात डेन्मार्कमधल्याच ड्रावेडच्या जंगलात अश्मयुगातल्या खऱ्याच कुऱ्हाडी चालवून पाहिल्या. खांद्यातून जोरकस घाव घालणाऱ्यांना त्या जमेनात. कोपरातून छोटे, झटपट घाव घातले, तेव्हा झाडं पडली.

एक कोडं मात्र अवघड. सुमारे ६००० वर्षांपूर्वी वायव्य युरोपात एल्म या मोठ्या वृक्षाचा पराग एकदम ओसरतो. कुऱ्हाड की रोग? लंडनच्या हॅम्पस्टेड हीथच्या गाळात एल्मचा रोग पसरवणाऱ्या भुंगेऱ्याचे अवशेष त्या ओहोटीच्या आधीच्या थरात सापडले. रोगाचं पारडं जड झालं खरं, तरी मला माणूस अगदीच निर्दोष वाटत नाही. गुरांच्या चाऱ्यासाठी एल्मच्या फांद्या छाटत असतील, तर छाटलेली फांदी फुलायची नाही. झाड उभंच, पण गाळाच्या लेखी नाहीसं.