नव्या गुरुजींची खोली

कोकणातल्या वाडीवरच्या शाळेत हजर होणारे नवे शिक्षक पुष्कळदा घाटावरचे असतात. पहिली तीन वर्षं ते ‘शिक्षण सेवक’. प्राथमिक शाळेत मानधन महिना 16,000 रुपये; जानेवारी 2023 पूर्वी ते फक्त 6,000 होतं. त्यात तालुक्याला खोली घ्यायची, पेट्रोल भरायचं, घरीही पाठवायचे. मग रोजची ये-जा, आणि मुलं ओळखीची होतात न होतात तोच बदलीचा अर्ज.

वाडीत मात्र चाकरमान्यांची घरं बंद आहेत. त्यातलं एखादं दुरुस्त करून नव्या गुरुजींना राहायला द्यावं. गावाच्या वर्गणीचं खरं काम इथं आहे. शाल-श्रीफळ नंतर होईल.

घर मे महिन्यातच पाहावं. कौलं चाळून घ्यायची, फुटकी बदलायची, वाळवी लागलेले रीप काढायचे. एकदा पाऊस लागला की निसरड्या कौलांवर कुणी चढत नाही आणि गळती थेट गणपतीपर्यंत चालते. विजेचं बिल थकलेलं नाही ना, हे आधी विचारावं. शिक्षिका येणार असतील तर मागच्या दाराची कडी आणि संडासाच्या वाटेवरचा दिवा सगळ्यांत आधी.

बिघडतं ते बहुधा कागदावर. घर सामायिक असतं. एक भाऊ चावी देतो, दुसरा चतुर्थीला येऊन खोली मागतो, आणि बाईंना ऐन सणात सामान उचलावं लागतं. म्हणून सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती हवी. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी कायद्याने नोंदवावाच लागतो. गणपतीत आणि शिमग्यात कोणती खोली कुणाकडे, तेही त्यातच लिहावं. थोडं का होईना, भाडं घ्यावं आणि पावती द्यावी: भेटी स्वीकारण्यावर शिक्षकांना वर्तणूक नियमांचं बंधन असतं. फुकट राहिल्याचा मिंधेपणाही नको. वर्गणी दुरुस्तीला लावावी, शिक्षकांच्या हातात रोख देऊ नये.

वर्गणीसाठी वेगळं बँक खातं उघडावं, सह्या दोघांच्या. देणगीदारांना आयकरात देणगीवरची सवलत हवी असेल तर वर्गणी घेणाऱ्या संस्थेला तशी मंजुरी लागते, आणि 2,000 रुपयांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही. आखातात नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. विदेशी नागरिकाचे पैसे मात्र विदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय घेऊ नयेत.

आता वर्ग. दोन शिक्षक आणि चार इयत्ता, म्हणजे एका गटाला शिकवताना दुसऱ्याच्या हाती काहीतरी द्यावंच लागतं: शब्दपट्ट्या, अंककार्डं. साध्या कार्डशीटची कार्डं श्रावणापर्यंत दमट होऊन वाकतात, कडांना बुरशी धरते. ती लॅमिनेट करताना प्लास्टिक चारही बाजूंनी थोडं जास्त सोडावं. कागदाच्या कडेलाच कापलं तर ओल तिथूनच आत शिरते.

आणि पुढच्या मे महिन्यातल्या कौलांचे पैसे यंदाच्याच वर्गणीतून बाजूला काढून ठेवावेत.