बेशुद्धीचा आग्रह सगळ्यांसाठी सारखाच धरू या

नमस्कार मंडळी,

माझं मत आधीच सांगून टाकतो. जनावराला बेशुद्ध न करता त्याच्या गळ्यावर सुरी फिरवणं बंद झालं पाहिजे, मग त्यामागे कोणताही धर्म असो. पण हीच मागणी चारचौघांत ज्या सुरात केली जाते, तो सूर मला अजिबात मान्य नाही. आज मुख्यतः त्यावरच बोलायचं आहे.

आधी जनावराचं बघू. मेंढीच्या मानेतल्या दोन मोठ्या धमन्या कापल्या की मेंदूचा रक्तपुरवठा जवळजवळ तुटतो आणि बहुतेक वेळा काही सेकंदांत तिची शुद्ध जाते. गाय-बैलांचं तसं नाही. त्यांच्या मानेच्या मणक्यांमधून आणखी धमन्या मेंदूकडे जातात आणि तिथवर सुरी पोचत नाही. शिवाय कापलेल्या धमनीचं तोंड कधी कधी सुजून आपोआप बंद होतं. मग जनावर मिनिटभर, क्वचित त्याहूनही जास्त वेळ शुद्धीवर राहू शकतं. ब्रिटनमध्ये नियमच आहे की बेशुद्ध न करता कापलेला बैल किमान ३० सेकंद आणि मेंढी किमान २० सेकंद जागची हलवायची नाही, आणि तेवढ्यात शुद्ध गेली नसेल तर ती जाईपर्यंत थांबायचं.

न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठात क्रेग जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासरांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वासरांना हलकी भूल दिली होती, म्हणजे त्यांना यातना होणार नव्हत्या. पण मेंदूतल्या विद्युत लहरी मोजता येत होत्या. गळा चिरल्यावर त्या लहरी वेदनेच्या वेळी बदलतात तशा बदलल्या. त्यानंतर लगेच डोक्यावर बोल्टचा, म्हणजे बेशुद्ध करणाऱ्या यंत्रातून जोरात सुटणाऱ्या लोखंडी दांडीचा, आघात केला, तेव्हा तो प्रतिसाद थांबला. हा दुसरा भाग लक्षात ठेवा, त्याकडे परत यायचं आहे.

हे सांगताना समोरच्या माणसाला क्रूर ठरवायची काहीच गरज नाही. ज्यू परंपरेतला शोखेत, म्हणजे हे काम करणारा प्रशिक्षित माणूस, कापण्याआधी सुरीच्या धारेवरून नख फिरवून पाहतो. केसाएवढा खाचा लागला तरी ती सुरी चालत नाही. मुस्लिम परंपरेतही सुरी धारदार हवी, ती जनावरासमोर परजू नये, एका जनावरादेखत दुसरं कापू नये, अशी शिकवण आहे. ज्या काळात बेशुद्ध करायचं साधनच नव्हतं, त्या काळात हे नियम दयेपोटीच पाळले गेले. ती दया खरी होती, असं मी मानतो.

आता सुराबद्दल. स्वित्झर्लंडने १८९३ मध्ये जनमत घेऊन बेशुद्ध न करता कापण्यावर बंदी घातली. त्या मोहिमेत प्राणिमित्र होते आणि उघड ज्यूद्वेष्टेही होते. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यानंतर काही महिन्यांतच, एप्रिल १९३३ मध्ये, असाच कायदा झाला. जनावरांच्या दयेशी त्या राजवटीचं किती नातं होतं, हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे आज एखादा ज्यू किंवा मुस्लिम शेजारी ही मागणी ऐकून सावध होत असेल, तर त्याला कारण आहे. आणि हा प्रश्न फक्त ‘त्यांचा’ आहे असंही कुणी समजू नये. भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं २८ वं कलम कोणत्याही समाजाच्या धर्माला आवश्यक अशा पद्धतीने प्राणी मारणं गुन्हा धरत नाही. ही सवलत एकट्यादुकट्या धर्मासाठी नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढे आहे. युरोपीय संघाच्या २००९ च्या कत्तलविषयक नियमांची प्रस्तावना वाचा. डुकरांना कार्बन डायऑक्साइडच्या खोलीत सोडून बेशुद्ध करणं टप्प्याटप्प्याने थांबवावं, अशी वैज्ञानिकांची शिफारस होती. तो वायू जास्त प्रमाणात फुप्फुसांत गेला की जळजळ होते, श्वास कोंडतो, डुकरं धडपडतात. ती शिफारस नियमांत घेतलेली नाही, आणि कारण सरळ लिहून ठेवलं आहे: सध्या आर्थिकदृष्ट्या परवडत नाही. तिथे धर्माचा काहीही संबंध नाही. धर्माच्या सवलतीवर आवाज उठवणारे या परवडण्याच्या सवलतीवर मात्र गप्प बसतात. मग समोरच्याने आपल्या दयेवर विश्वास का ठेवावा?

वाट आहे, आणि ती मळलेली आहे. न्यूझीलंडमध्ये हलालसाठी मेंढीच्या फक्त डोक्यातून वीज सोडतात. ती बेशुद्ध होते, पण तिचं हृदय चालू राहतं. कापलीच नाही तर काही मिनिटांत ती उठून उभी राहील. जनावर सुरीनेच मरतं आणि रक्तही नीट वाहून जातं, म्हणून अनेक मुस्लिम धर्मगुरूंना ही पद्धत मान्य आहे, सगळ्यांना नाही. बहुतेक रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, कापण्याआधी बेशुद्ध करणं चालत नाही. ऑस्ट्रियाने त्यावर असा मार्ग काढला की कापल्यावर क्षणाचाही विलंब न लावता बेशुद्ध करायचं. मॅसीच्या अभ्यासाचा दुसरा भाग इथे कामी येतो. मला ही तडजोड पुरेशी वाटत नाही, पण काहीच न करण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

बेल्जियमच्या फ्लँडर्स आणि वालोनिया या प्रांतांनी २०१९ पासून आधी बेशुद्ध करणं सक्तीचं केलं. २०२० मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने फ्लँडर्सचा कायदा वैध ठरवला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही दोन्ही प्रांतांच्या कायद्यांमुळे धर्मस्वातंत्र्याचा भंग होत नाही असं म्हटलं. न्यायालयाने मान्य केलं म्हणजे शेजाऱ्याने मनापासून मान्य केलं, असं होत नाही. ते काम बोलूनच करावं लागेल, आणि ते आपल्याला जमेल असं मला वाटतं.

सुरुवात लेबलपासून करता येईल. कोशर, म्हणजे ज्यू धर्माला चालणाऱ्या, पद्धतीने कापलेल्या जनावराचा मागचा भाग बऱ्याचदा साध्या बाजारात विकला जातो आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. तेव्हा मांसाच्या प्रत्येक पाकिटावर जनावर कसं मारलं ते छापलेलं असावं, अशी मागणी आपण करू या. फक्त ‘हलाल’ किंवा ‘कोशर’ एवढंच नको. बोल्टने, विजेने, वायूने की बेशुद्ध न करताच, हे प्रत्येक पाकिटावर हवं. मसुदा मी लिहून आणला आहे. चहाच्या वेळी वाचा, पटला तर सही करा, नाही पटला तर काय खटकलं ते मला तिथेच सांगा.